गॅसवरचं मोठं वीजकेंद्र: प्रकल्प कागदावरच फसवणाऱ्या या चुका टाळा

गॅसवरच्या मोठ्या वीजकेंद्राचा विषय निघाला की पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. 'कोळशापेक्षा गॅस बरा, धूर नाही, राख नाही' हे एक, आणि 'मशीन कुणाचं घेताय?' हे दुसरं. दोन्ही रास्त आहेत. पण प्रकल्प बुडतो तो तिसऱ्याच ठिकाणी: गॅस कुठून येणार, कोणत्या भावाने येणार आणि त्यातून निघालेली वीज विकत कोण घेणार. पुण्यात बसून अशा प्रकल्पांचे व्यवहार्यता अहवाल, डिझाइन आणि खर्चाचे तक्ते करणारे बरेच जण आहेत. हे त्यांच्यासाठी, विशेषतः नव्याने या कामात आलेल्यांसाठी.

गॅसआधी टर्बाइन

ही सगळ्यांत महागडी चूक. १००० मेगावॅटचं कम्बाइन्ड सायकल केंद्र (गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर बॉयलरमध्ये वाफ करून तिच्यावर दुसरं टर्बाइन चालवणारं) पूर्ण भाराने चालवायचं तर रोज साधारण ४५ ते ५० लाख घनमीटर गॅस लागतो. 'वाटपाचं पत्र आलंय' म्हणजे गॅस आला असं नव्हे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ गॅसक्षेत्राच्या भरवशावर आंध्रात केंद्रं उभी राहिली, आणि २०१० नंतर तिथलं उत्पादन झपाट्याने घसरलं. देशात गॅसवरची क्षमता सुमारे २५,००० मेगावॅटपर्यंत गेली होती. तिचा मोठा भाग वर्षानुवर्षं बसून राहिला. लांब जायला नको, आपल्या उरणच्या ६७२ मेगावॅटच्या केंद्रालाही पुरेशा गॅसची वाट पाहावी लागते, आणि त्याच्या विस्ताराचा बेत गॅसअभावीच मागे पडला.

म्हणून करार हातात आला की आधी हे तपासा: पुरवठा पक्का आहे की 'जमेल तसा'? पाइपलाइनमधली जागा आपल्या नावावर राखून ठेवली आहे का? आणि 'टेक ऑर पे' किती टक्क्यांचं आहे, म्हणजे गॅस न उचलताही किती पैसे भरावे लागतील? हा शेवटचा आकडा वीजखरेदी कराराशेजारी ठेवून वाचा. गॅस ८० टक्के उचलायचं बंधन आणि वीज घेण्याचं बंधन शून्य, असे दोन कागद एकाच फायलीत असतील, तर टर्बाइनच्या निविदेला हात लावू नका.

'८० टक्के भाराने चालेल' हे गृहीतक

कोकणातल्या दाभोळच्या एन्रॉन वीजप्रकल्पाचा धडा नेमका इथेच आहे. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्थ्यावर (पेट्रोलियमपासूनच्या द्रव इंधनावर) सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. राज्य वीज मंडळाने तिथली वीज घेतली काय, न घेतली काय, स्थिर आकार द्यावाच लागत होता. त्यातून मागणी कमी झाली की प्रत्येक युनिटचा दर आणखी चढायचा. पुण्याच्या 'प्रयास' या अभ्यासगटाने नव्वदच्या दशकातच या कराराची चिरफाड केली होती. २००१ मध्ये प्रकल्पाचा फेरआढावा घेणाऱ्या माधव गोडबोले समितीचा अहवालही आला, तोवर उशीर झालेला. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी काढून केंद्राला पुन्हा उभं करावं लागलं. धक्क्याजवळचा लाटरोधक बंधारा अर्धवट राहिल्यामुळे पावसाळ्यात एलएनजीची (द्रवरूप गॅसची) जहाजं लावता येत नव्हती, हे दुखणं त्यानंतरही कितीतरी वर्षं राहिलं. अहवालातल्या बंदराच्या प्रकरणाला 'सिव्हिलवाल्यांचं काम' म्हणून मागे टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आज परिस्थिती आणखी अवघड आहे. दुपारी सौर वीज स्वस्तात मिळते, त्यामुळे मेरिट ऑर्डरच्या, म्हणजे स्वस्त वीज आधी घ्यायच्या, यादीत आयात गॅसची वीज तळाला जाते. संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तिला किंमत येते. तेव्हा ८० टक्क्यांचं गणित काढून टाका आणि ३० व ५० टक्क्यांवर प्रकल्प तगतो का ते आधी बघा. नाही तगत? मग हा प्रकल्प लहान करा, किंवा सोडा.

उष्मांकाचा घोळ

टर्बाइनवाले कार्यक्षमता सांगतात ती निव्वळ उष्मांकावर, म्हणजे गॅस जळताना होणाऱ्या वाफेतली उष्णता वगळून. गॅसचं बिल येतं ते एकूण उष्मांकावर, म्हणजे ती उष्णता धरून. दोन्हींत सुमारे ११ टक्क्यांचा फरक. ६० टक्के कार्यक्षमतेचं मशीन बिलाच्या हिशेबात ५४ टक्क्यांचं असतं.

रुपयांत पाहू. गॅस केंद्राच्या दारात १० डॉलर प्रति एमएमबीटीयू (दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिट), आणि डॉलर ८५ रुपये धरू. एका एमएमबीटीयूत २९३ युनिट उष्णता. ५४ टक्क्यांनी १५८ युनिट वीज, म्हणजे नुसत्या इंधनाचा खर्च युनिटला ५.३८ रुपये. चुकून ६० टक्के धरले तर ४.८३ रुपये. फरक ५५ पैशांचा. १००० मेगावॅटचं केंद्र ५० टक्के भाराने चाललं तर वर्षाला २४० कोटी होतात. शिवाय नैसर्गिक गॅस जीएसटीत नाही. राज्याने २०२२ मध्ये व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, पण परराज्यातून येणाऱ्या गॅसवर तिथला कर कोण भरतंय ते वेगळं तपासावं लागतं. इंधनाचं बिल अंदाजापेक्षा दहाएक टक्क्यांनी जास्त येत असेल, तर मशीनला बोल लावण्याआधी हा घोळ शोधा.

३०० मेगावॅट कुठले?

पाटीवरचा आकडा १५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीवरचा असतो. पुणे ५६० मीटरवर. हवा विरळ, म्हणून सहा-साडेसहा टक्के क्षमता तिथेच गेली. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असताना आणखी साधारण १५ टक्के. म्हणजे चाकणच्या माळावर बसवलेलं ३०० मेगावॅटचं टर्बाइन नेमकं मागणी चढलेली असताना २३५-२४० देणार. उंचीमुळे कार्यक्षमता फारशी घसरत नाही, घसरते ती क्षमता. पण वीजखरेदी करारात क्षमताच लिहिलेली असते. आत येणारी हवा पाणी शिंपडून गार करण्याची सोय एप्रिलात छान चालते, कारण हवा कोरडी असते. जुलैच्या दमट हवेत तिचा उपयोग नावापुरता. आणि ते पाणी, तसंच कूलिंग टॉवरचं पाणी, कुठल्या धरणातून येणार? सिंचन आणि शहर यांच्यात पाण्यावरून काय चालतं ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

चालू झाल्यावरची दुखणी

मोठ्या टर्बाइनला गॅस ३० बारच्या वर दाबाने लागतो. जोडणीच्या ठिकाणी तेवढा दाब नसेल तर कॉम्प्रेसर आला, त्याची वीजही आपल्याच खात्यात.

उत्पादन हळूहळू घसरतंय? आधी तापमान-दाबाची दुरुस्ती करून आकडे जुळवा. तरीही घट दिसली तर बहुधा टर्बाइनच्या हवेच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर धूळ बसलेली असते. फिल्टर बघा, धुलाई करा. एक्झॉस्टच्या तापमानात अचानक तफावत दिसली तर मशीन उघडण्याआधी थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) तपासा, नंतर बर्नर. देशी गॅसवरून आयात गॅसवर गेल्यानंतर ज्वलनकक्षातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला, तर नव्या गॅससाठी ट्यूनिंग करून घ्या. दोन्हींची घटकरचना वेगळी असते. रोजच्या चालू-बंदमुळे बॉयलरच्या जाड ड्रमला ताण बसतो, म्हणून देखभालीचं वेळापत्रक नुसत्या तासांवर नको, किती वेळा सुरू केलं त्यावरही हवं.

गॅसअभावी केंद्र थांबवावं लागलं, तर 'महिन्याभरात येईल गॅस' म्हणून तसंच सोडू नका. बॉयलरमध्ये नायट्रोजन भरा, टर्बाइनमधून कोरडी हवा खेळती ठेवा, रोटर ठरावीक अंतराने फिरवत राहा. यासाठी लागणारी माणसं आणि पैसा प्रकल्पाच्या पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. बंद केंद्राच्या बजेटला नंतर कुणी सही करत नाही.