सीमा समुद्रात आखतात, हिशोब घरात लागतो

सागरी संरक्षित क्षेत्र, म्हणजे मासेमारीवर बंदी किंवा मर्यादा असलेला समुद्राचा भाग, झालं की माशांची मोजदाद करायला लोक हौसेने पाण्यात उतरतात. किनाऱ्यावरच्या घरांत काय बदललं, हे विचारायला मात्र कुणाला फारशी घाई नसते. माझं काम नेमकं तेच आहे: वही घेऊन दारोदार फिरणं. नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी, स्वतः चुकून शिकलेल्या काही गोष्टी लिहिते.

सर्वांत आधी, सीमा दाखवणाऱ्या तरंगत्या बोया टाकायच्या आधी गावात पोचा. सीमा एकदा जाहीर झाली की प्रत्येक उत्तरात नुकसानभरपाई डोकावायला लागते. त्यात लोकांचं काही चुकत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. पण मग ‘आधी किती मासळी मिळायची’ याचं उत्तर भरवशाचं राहत नाही. उशीर झालाच असेल, तर नुसत्या आठवणीवर विसंबू नका. व्यापाऱ्याच्या जुन्या वह्या आणि डिझेलच्या पावत्या मागा. साल विचारण्याऐवजी ‘नवं इंजिन बसवलंत त्या मोसमात’ असं विचारा.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे तुलनेसाठी दुसरं गाव निवडणं. तिथलं जाळं तेच, बाजार तोच, फक्त मासेमारीवर बंदी नाही, असं. समजा, बंदीच्या गावातली कमाई शंभरावरून पंच्याऐंशीवर आली. एकट्या या आकड्यावरून बंदीने लोकांना बुडवलं असंच कुणीही म्हणेल. पण त्याच काळात दुसऱ्या गावात ती शंभरावरून ऐंशीवर आली असेल तर? डिझेल दोन्हीकडे महागलं, भाव दोन्हीकडे पडला, आणि बंदीचं गाव उलट थोडं सावरलेलं निघालं. दुसरं गाव नसतं तर हे दिसलंच नसतं. पाहणीच्या दोन्ही फेऱ्या, बंदीआधीची आणि नंतरची, वर्षाच्या एकाच मोसमात घ्या, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते, कारण एकदा मी शांत समुद्राच्या महिन्यांची तुलना खवळलेल्या महिन्यांशी केली आणि एक अख्खी फेरी वाया घालवली.

आता कुणाला विचारायचं? इथे मी सगळ्यात वाईट चूक केली. पहिल्या पाहणीत मी नोंदणी झालेल्या नौकांची यादी घेतली आणि त्यातल्या मालकांना गाठलं. निष्कर्ष छान आला: फारसा फरक नाही. शेवटच्या दिवशी एका मालकाच्या ओट्यावर बसून फॉर्म भरत होते. त्याची म्हातारी चुलती बाजूला रिकामा पत्र्याचा डबा पालथा घालून बसली होती. ती म्हणाली, “मला नाही का विचारणार? बंद तर माझंच झालंय.”

बंद केलेला भाग म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा खडक होता. नौका तिथे कधी जातच नव्हत्या. बायका चालत जाऊन शिंपल्या आणि कालवं काढायच्या, तो हा खडक. त्यांची कमाई पूर्ण गेली होती आणि माझ्या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकानाच नव्हता. तेव्हापासून मी यादी घरांची करते, नौकांची नाही. प्रत्येक घरातल्या बाईशी आणि पुरुषाशी वेगवेगळं बोलते. खलाशी, मासळी साफ करणाऱ्या, बर्फवाला, जाळी विणणारे यांनाही शोधून काढते. माप त्यांचंच घेते: तो डबा मी भरून घेतला, तीनदा वजन केलं, आणि मग ‘आठवड्याला किती डबे’ एवढंच विचारत राहिले.

नुकसान साखळीभर पसरतं, हे मोठ्या प्रमाणावर ऑस्ट्रेलियाने पाहिलं. ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानात 2004 साली मासेमारी बंद असलेला भाग 5 टक्क्यांच्या आतून सुमारे 33 टक्क्यांवर गेला. मच्छीमारांबरोबर किनाऱ्यावरच्या संबंधित व्यवसायांनाही मदत द्यावी लागली आणि तो खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढून 200 दशलक्ष ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला.

‘महिन्याला किती कमावता’ हे मात्र विचारू नका. खरं उत्तर त्या माणसालाही माहीत नसतं. मासेमारीच्या शेवटच्या फेरीबद्दल विचारा: किती वाजता निघालात, किती लिटर डिझेल लागलं, नौकेवर किती जण होते, मासळी कुणी घेतली, काय भावाने, घरी किती ठेवली. मग वाटे कसे पडले ते विचारा. बहुतेक ठिकाणी आधी डिझेल आणि बर्फ वजा होतं, मग नौकेचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि उरलेलं खलाशांत. म्हणून लांब जावं लागलं की मालकाआधी खलाशी पिचतो. व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे का, हेही विचारा, कारण उचल घेतलेल्याला भाव कमी मिळतो. फेरीचे तास लिहून ठेवा. सीमेला वळसा घालून दूर जाणाऱ्या छोट्या होडीला धोकाही वाढतो.

कमाई रोज हलते, घर हळू बदलतं. छत कशाचं, जमीन कशी, फ्रीज आहे का, इंजिन किती जुनं, हे गप्पा मारतामारता बघून लिहा.

सरासरीवर कधीच थांबू नका; कुणाला मिळालं आणि कुणाचं गेलं, ते वेगळं काढा. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो उद्यानात 1999 ते 2009 या दहा वर्षांत माशांचं जैववस्तुमान, म्हणजे एकूण वजन, 463 टक्क्यांनी वाढलं. आकडा थक्क करणारा आहे, पण तो माशांचा आहे. डुबकी मारायला येणाऱ्या पर्यटकांचे पैसे कुणाच्या हाती पडतात, ते त्यातून कळत नाही. ते घराघरांत विचारावं लागतं. आणि कधीकधी ज्यांना विचारायचं ते गावात नसतातच. 2010 मध्ये ब्रिटनने हिंदी महासागरातल्या चागोस बेटांभोवती भलंमोठं संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. तिथल्या रहिवाशांना 1973 पर्यंतच हलवलेलं होतं. या बेटांवर हक्क सांगणाऱ्या मॉरिशसने दाद मागितली आणि 2015 मध्ये लवादाने ब्रिटनने समुद्री कायद्याचा भंग केल्याचा निकाल दिला.

निर्देशकांचा, म्हणजे बदल मोजायच्या खुणांचा, हव्यास धरू नका. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2004 साली 42 निर्देशकांची यादी दिली, त्यांतले 16 सामाजिक-आर्थिक. मी दहाच्या पुढे जात नाही. लांबलचक फॉर्मच्या शेवटी लोक काहीही सांगून मोकळे होतात. संरक्षित क्षेत्राच्या कारभाराबद्दल ‘समाधानी आहात का’ असं विचारलं की सगळे मान डोलावतात. शेवटच्या बैठकीला गेला होतात का, बोललात का, त्याचं पुढे काय झालं, असं विचारा. ‘बंद भागात जाळं टाकता का’ हे तर विचारूच नका. कुणाचं नाव तुमच्या वहीतून दंडाच्या पावतीवर जाता कामा नये. नावांची यादी आणि उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नाव काढलं तरी ‘गावातली एकमेव तीन इंजिनांची होडी’ कुणाची, ते शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा असे तपशील अहवालातून गाळा.

अहवाल छापण्याआधी तो गावात वाचून दाखवा. गेल्या वेळी मी वाट्यांचा तक्ता भिंतीवर लावला होता. मागे उभा असलेला एक खलाशी पुढे आला, बोट ठेवलं आणि म्हणाला, “ताई, बर्फाचे पैसे दोनदा कापलेत.” खरंच कापले होते. सगळ्या खलाशांची कमाई मला पुन्हा मांडावी लागली.