मिकीच्या ख्रिसमस पार्टीत दुसरी परेड बघा
फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडम या थीम पार्कमध्ये मिकीची ख्रिसमस पार्टी नोव्हेंबर-डिसेंबरातल्या ठरावीक रात्रीच असते, संध्याकाळी 7 ते मध्यरात्री 12. तिचं तिकीट वेगळं. नेहमीच्या तिकिटावर थांबता येत नाही. उलट पार्टीच्या तिकिटावर दुपारी 4 पासूनच आत सोडतात, म्हणून त्याच दिवसाचं साधं तिकीट काढून पैसे घालवू नका. पार्टीचं तिकीट असल्याची खूण म्हणून मिळणारा मनगटावरचा पट्टा आत शिरल्या शिरल्याच बांधून घ्या. परेड दोनदा निघते. पहिलीला मेन स्ट्रीटवर, म्हणजे पार्कातल्या मुख्य रस्त्यावर, मुंगी शिरायला जागा नसते. मुलं जागी राहणार असतील तर दुसरीच गाठा. पहिलीच्या वेळात राइड उरकतात, कारण बरीच गर्दी रस्त्याकडेला बसलेली असते. मेन स्ट्रीटवर पडणारा बर्फ म्हणजे साबणाचा फेस. कॅमेऱ्याच्या काचेवर तो पडला की फोटो धूसर येतात, तेव्हा मऊ सुती रुमाल खिशात हवाच.