बोधचिन्हाची कल्पना कागदावर कशी शोधावी

लाकडी घाण्यावर काढलेल्या शेंगदाणा तेलासाठी बोधचिन्ह करायचे आहे आणि गिऱ्हाइकाने नाव ठरवले आहे ‘निर्मळ’, असे समजू. बहुतेक जण अशा वेळी लगेच पिंटरेस्ट हे चित्रांचे संकेतस्थळ उघडतात आणि अर्ध्या तासात थेंब, हिरवे पान किंवा बैल यांपैकी एकावर येऊन थांबतात, कारण तेलाच्या नावाखाली तिथे हेच दिसत असते. म्हणून संगणक बंद ठेवून कोऱ्या कागदावर सुरुवात करावी.

कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे कामाशी प्रत्यक्ष संबंध असलेल्या वस्तू आणि क्रिया लिहाव्यात: शेंग, टरफल, पेंड, उखळ, फिरणे, गाळणे, डब्याचे झाकण. ‘शुद्धता’, ‘परंपरा’ असले शब्द इथे घेऊ नयेत. गिऱ्हाइकाला ते फार आवडतात, पण त्यांचे चित्र काढता येत नाही. उजवीकडे नि, र्म, ळ ही अक्षरे तळहाताएवढी मोठी काढावीत आणि ती वाचायची नसून केवळ आकार आहेत अशा नजरेने पाहावीत. आता डावीकडची प्रत्येक नोंद उजवीकडच्या प्रत्येक अक्षराशी जोडून पाहिली, तर 21 जोड्या होतात. त्यांतल्या बहुतेक हास्यास्पद निघतील, आणि निघू द्याव्यात.

शेंग आणि ळ ही जोडी मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. ळ ची दोन गोल पोटे म्हणजे दोन दाण्यांची आडवी शेंगच. भुईमुगाची शेंग जमिनीखाली वाढते आणि देवनागरी अक्षरेही शिरोरेषेखाली लटकतात, हे एकदा लक्षात आले की शिरोरेषा आपोआप जमीन होते, आणि तिच्या वर डोकावणारी वेलांटी व रफार हे कोंब होतात. ही कल्पना अक्षरातच दडलेली होती. 2010 साली भारत सरकारने स्वीकारलेले, डी. उदय कुमार यांनी घडवलेले रुपयाचे चिन्हही असेच आहे: देवनागरी र आणि उभा दांडा नसलेला रोमन आर यांचा त्यात मेळ आहे, आणि वरची रेघ शिरोरेषेची आठवण देते.

जोडी सापडली की काडेपेटीएवढ्या चौकटींत तिची किमान वीस रेखाटने काढावीत, प्रत्येकाला एक मिनिट, खोडरबर न वापरता. अमेरिकी जाहिरात-व्यावसायिक अॅलेक्स ऑस्बॉर्न यांनी रूढ केलेल्या विचारमंथनाच्या पद्धतीत कल्पना सुचत असताना टीका वर्ज्य असते. एकट्याने काम करतानाही ते पथ्य पाळावे. हात अडला तर काय काढून टाकता येईल, काय उलटे करता येईल, असे विचारावे. शेंगेवरची जाळी पुसली तरी शेंग ओळखू येते का? येत असेल, तर जाळी नकोच.

दुसऱ्या दिवशी निवडलेले रेखाटन एक सेंटिमीटर रुंदीचे आणि फक्त काळ्या रंगात करून, विषय न सांगता कोणाला तरी वाचायला द्यावे. त्याने ‘निर्म’ एवढेच वाचून पुढे शेंगेचे चित्र आहे असे सांगितले, तर शेंग जरुरीपेक्षा जास्त शेंग झाली आहे. शिरोरेषेपासून ळ ला जोडणारी आखूड उभी रेघ ठळक करून पुन्हा वाचायला द्यावे.