प्रबंधाचं अ‍ॅनालिसिस मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर कसं करावं: सोयाबीनच्या एका प्रयोगावरून

इंदूरच्या कृषी महाविद्यालयातला एम.एस्सी.चा विद्यार्थी असो, होळकर सायन्सचा असो की मेडिकल कॉलेजचा रेसिडेंट डॉक्टर, प्रबंध लिहायला बसलं की अडतं ते एकाच ठिकाणी. आकडे जमलेत, आता अ‍ॅनालिसिस कशावर करायचं? विकतच्या पॅकेजचं लायसन्स विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही आणि क्रॅक केलेली प्रत प्रबंधात नमूद करता येत नाही. पैसे देऊन तक्ते बाहेरून करून घेतले, तर व्हायव्हात "एररची डिग्री ऑफ फ्रीडम १५ कशी आली?" या साध्या प्रश्नाला तोंड उघडत नाही. यातलं काहीही करायची गरज नाही. पदव्युत्तर प्रबंधाला लागणारं बहुतेक सगळं काम मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर मोफत होतं, आणि त्याचे निकाल कुठल्याही महागड्या पॅकेजइतकेच विश्वासाचे असतात. अट एकच: तक्त्यात काय यायला हवं, हे सॉफ्टवेअर उघडण्याआधी तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.

काय उतरवून घ्यायचं

मुळाशी आहे 'आर'. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती सुरू केली आणि २००० साली तिची १.० आवृत्ती आली. ही आज्ञा लिहून चालवायची भाषा आहे, त्यामुळे पहिला आठवडा जड जातो. ज्यांना मेनूवर क्लिक करून काम हवं, त्यांच्यासाठी 'जामोव्ही' आहे. तिच्या पोटात आरच चालते, म्हणून आज जामोव्हीवर शिकलेलं उद्या आरमध्ये वाया जात नाही. 'जॅस्प' ही अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातली. बेझियन पद्धत (आधीचा अंदाज नव्या आकड्यांनी सुधारत नेणारी) वापरायची असेल तर ती घ्या. 'पीएसपीपी' एसपीएसएस या विकतच्या पॅकेजसारखी दिसते आणि तिच्या फायली उघडते, पण तिच्यातल्या चाचण्यांची यादी लहान आहे. जुनी फाइल उघडून पाहण्यापलीकडे आम्ही ती सुचवत नाही.

आमचा सल्ला: जामोव्हीने सुरुवात करा, आर आणि आरस्टुडिओ (आर वापरायची सोयीची खिडकी) शेजारी बसवून ठेवा. जामोव्हीच्या संकेतस्थळावर 'सॉलिड' आणि 'करंट' अशा दोन आवृत्त्या दिसल्या तर सॉलिड घ्या. आर आधी, आरस्टुडिओ नंतर. उलट केलं तर आरस्टुडिओला चालवायला आर सापडत नाही. आरमध्ये नवं पॅकेज (जादा आज्ञांचा संच) घेताना "सोर्समधून कंपाइल करायचं का?" असं विचारलं तर 'नाही' म्हणा, नाहीतर आरटूल्स नावाचं वेगळं अवजार मागत बसेल. विंडोजवर तुमच्या युजरचं नाव देवनागरीत असेल किंवा डॉक्युमेंट्सचा फोल्डर वनड्राइव्हमध्ये असेल, तर पॅकेज बसताना वारंवार अडतं. सी ड्राइव्हवर रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता एक फोल्डर करा आणि सगळं काम तिथेच ठेवा.

शीट: निम्म्या चुका इथेच होतात

माळव्यातलं रोजचं उदाहरण घेऊ. काळ्या जमिनीत सोयाबीनच्या ६ जाती (जेएस ३३५, जेएस ९५६०, एनआरसी ३७ वगैरे), ४ रेप्लिकेशन (थोडक्यात 'रेप': प्रत्येक जातीची पुनरावृत्ती), रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन (प्रत्येक रेपमध्ये सगळ्या जाती, चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने). म्हणजे २४ प्लॉट. ओळींतलं अंतर ४५ सेंमी, प्लॉट ५ ओळींचा आणि ५ मीटर लांब: ग्रॉस क्षेत्र ५ × २.२५ = ११.२५ चौरस मीटर. कडेच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा मीटर सोडला की नेट प्लॉट ४ × १.३५ = ५.४ चौरस मीटर उरतो. उत्पादन हेक्टरी करायचा गुणक १०,००० ÷ ५.४ = १,८५१.८५. नेट प्लॉटमधून १.१ किलो दाणा मिळाला तर हेक्टरी सुमारे २,०३७ किलो. इथे चुकून ग्रॉस क्षेत्र घेतलं तर तेच उत्पादन ९७८ किलो दिसतं. ही चूक कुठलंही सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण सगळ्याच प्लॉटना एकाच संख्येने गुणलेलं असतं. एफ (जातींतला फरक एररच्या किती पट आहे) आणि पी (खरा फरक नसताना इतका फरक योगायोगाने दिसायची शक्यता) जसेच्या तसे राहतात.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एका प्लॉटला एक ओळ द्या. स्तंभ तीन: रेप, जात, उत्पादन. पहिल्या ओळीत नावं, त्याखाली थेट आकडे. वर शीर्षक नको, मर्ज केलेले सेल नकोत, खाली बेरीज-सरासरीची ओळ नको. "१.१ किलो" असं एकक सेलमध्ये लिहू नका. पाणी साचून एखादा प्लॉट गेला असेल तर सेल मोकळा सोडा. शून्य म्हणजे पीक उभं होतं आणि दाणा आला नाही, असा अर्थ होतो. रंग देऊन खुणा करू नका, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल) करताना रंग जातो आणि खूणही जाते.

आपल्याकडची एक खास अडचण: आकडे देवनागरीत टाइप केले असतील तर आर त्यांना संख्या मानत नाही, मजकूर मानते. आकडे रोमन कीबोर्डनेच भरा. जातींची नावं मात्र देवनागरीत ठेवायला हरकत नाही. आर ४.२ पासून अलीकडच्या विंडोज १० वर यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) आपोआप वापरलं जातं, त्यामुळे पूर्वीसारखी अक्षरं फुटत नाहीत. फाइल जतन करताना प्रकार 'टेक्स्ट सीएसव्ही' आणि अक्षरसंच 'यूटीएफ-८' निवडा.

एक्सेल तारखा स्वतःच्या मनाने बनवते, हेही लक्षात असू द्या. "३-५" असं लिहिलं की तारीख होते. जनुकशास्त्रात या त्रासापायी २०२० साली जनुकांची नावंच बदलावी लागली: 'मार्च१'चं 'मार्चएफ१' झालं.

आधी कागद, मग संगणक

आता पेन घ्या आणि अ‍ॅनोव्हाचा सांगाडा लिहा, म्हणजे उत्पादनातला फरक रेप, जात आणि एरर (न उलगडलेला फरक) यांत वाटणारा तक्ता. एकूण डिग्री ऑफ फ्रीडम (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) २४ − १ = २३. रेप्लिकेशन ४ − १ = ३. जाती ६ − १ = ५. एरर ३ × ५ = १५. बेरीज २३ आली. हे चार आकडे समोर ठेवूनच सॉफ्टवेअर उघडा. पुढच्या बहुतेक चुका हेच आकडे उघड करतात.

जातीची डिग्री ऑफ फ्रीडम ५ ऐवजी ६ आली? मग कुठेतरी "जेएस ३३५" आणि शेवटी एक रिकामी जागा असलेलं "जेएस ३३५ " अशा दोन वेगळ्या जाती झाल्या आहेत. डोळ्यांना फरक दिसत नाही, सॉफ्टवेअरला दिसतो. आरमध्ये जातीची आणि रेपचीही डिग्री १ आणि एररची २१ आली? मग जातींना १ ते ६ असे क्रमांक दिलेत आणि आरने त्यांना मोजमाप समजून सरळ रेषा बसवली आहे. सहावी जात पहिलीच्या सहापट असल्यासारखी. दोन्ही स्तंभ आधी 'फॅक्टर' (आकडे नव्हे, गटांची नावं) करा आणि पुन्हा चालवा. या चुकीत तक्ता नीट छापला जातो, पीही येतो, कुठलीही सूचना मिळत नाही. म्हणूनच कागदावरचे चार आकडे हवेत.

जामोव्हीत फाइल उघडली की स्तंभाच्या नावावर दोनदा क्लिक करा. रेप आणि जात 'नॉमिनल', उत्पादन 'कंटिन्युअस'. उत्पादन डिपेंडंटच्या चौकटीत जायला तयार नसेल, तर त्या स्तंभात एखाद्या सेलमध्ये अक्षर, डॅश किंवा देवनागरी आकडा शिरला आहे, शोधून काढा. मग 'अ‍ॅनालिसेस'मधून 'अ‍ॅनोव्हा' निवडा, डिपेंडंटमध्ये उत्पादन आणि 'फिक्स्ड फॅक्टर्स'मध्ये रेप व जात टाका.

पहिल्यांदा तक्ता बघितला की बहुतेक जण इथेच थबकतात: एफची जागा रिकामी. कारण साधं आहे. जामोव्ही स्वतःहून रेप × जात हा इंटरअ‍ॅक्शन मॉडेलमध्ये घालते, म्हणजे जातींतला फरक रेपनुसार बदलतो का हे पाहणारा घटक. प्रत्येक रेपमध्ये प्रत्येक जातीचा एकच प्लॉट असल्यामुळे तो इंटरअ‍ॅक्शन १५ च्या १५ डिग्री खाऊन टाकतो आणि एररला शून्य उरते. खालचं 'मॉडेल' उघडा, इंटरअ‍ॅक्शनची ओळ काढून टाका. एररसमोर १५ आले की तक्ता बरोबर. गृहीतकांच्या तपासणीत क्यू-क्यू आलेख (एरर नॉर्मल वितरणाजवळ आहे का ते दाखवणारा) बघा. एका खान्यात एकच प्लॉट असताना लेव्हीनची चाचणी (गटांचा पसारा सारखा आहे का ते पाहणारी) काही सांगू शकत नाही.

सीडी कुठे आहे?

आपल्याकडच्या कृषी प्रबंधांत क्रिटिकल डिफरन्स (सीडी: दोन सरासरींतला फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर) आणि सीव्ही टक्के (एररचं सरासरीशी प्रमाण) लागतातच, आणि जामोव्ही ते छापत नाही. हाताने काढा. समजा एररचा मीन स्क्वेअर (वर्गांची बेरीज भागिले डिग्री) २४,००० आला. सीडी म्हणजे टी गुणिले (२ × एरर मीन स्क्वेअर ÷ रेप्लिकेशन) याचं वर्गमूळ. २ × २४,००० ÷ ४ = १२,०००; वर्गमूळ १०९.५, १५ डिग्रीला ५ टक्के पातळीवरचा टी २.१३१. सीडी सुमारे २३३ किलो प्रति हेक्टर. सरासरी १,९०० असेल तर सीव्ही म्हणजे २४,००० चं वर्गमूळ १५४.९ भागिले १,९००, म्हणजे सुमारे ८.२ टक्के. आरमध्ये 'अ‍ॅग्रिकोले' पॅकेजची एलएसडी चाचणी (सीडीचंच दुसरं नाव) हे सगळं एका आज्ञेत देते, शिवाय सरासरींसमोर अ, ब, क अशी गटांची अक्षरंही लावते.

सीडी तेव्हाच वापरा जेव्हा एफ चाचणी सिग्निफिकंट (पी ०.०५ च्या खाली) असेल. ६ जातींत १५ जोड्या होतात आणि सीडी प्रत्येक जोडीला ५ टक्क्यांची सूट देते. खोटा फरक निघायची शक्यता वाढते. टुकीची चाचणी याची काळजी घेते, पण वरच्याच आकड्यांवर तिला फरक लागतो सुमारे ३५६ किलोचा. २३३ आणि ३५६ यांच्या मधल्या जोड्या कुठे टाकायच्या हे निकाल बघून ठरवू नका. कुठली चाचणी लावणार, हे सारांश-आराखड्यातच गाइडशी बोलून लिहून ठेवा. आमचं मत विचाराल तर सहाच्या वर जाती असतील तिथे टुकी.

एखाद-दोन प्लॉट गेले असतील तर अजून एक खबरदारी. आरची नेहमीची अ‍ॅनोव्हा टाइप १ बेरजा देते, म्हणजे घटक ज्या क्रमाने लिहिले त्या क्रमाने. जामोव्ही टाइप ३ देते. प्लॉट पूर्ण असतील तर दोन्ही सारखे, नसतील तर वेगळे. आरमध्ये रेप आधी आणि जात शेवटी लिहा. इंटरअ‍ॅक्शन नसलेल्या या मॉडेलमध्ये शेवटच्या घटकासाठी दोघांचं उत्तर जुळतं. सरासरी मग 'ईएममीन्स' पॅकेजने काढलेल्या द्या, साध्या नव्हे.

स्प्लिट प्लॉट (मोठ्या प्लॉटमध्ये एक घटक, त्याच्या तुकड्यांत दुसरा) मात्र जामोव्हीच्या साध्या अ‍ॅनोव्हात घालू नका. ३ सिंचन-पातळ्या मेन प्लॉटमध्ये, ४ जाती सब प्लॉटमध्ये, ३ रेप असतील तर दोन एरर निघतात: मेन प्लॉटची ४ डिग्रीची आणि सब प्लॉटची १८ ची. साधी अ‍ॅनोव्हा दोन्ही एकत्र करून २२ करते, सिंचनाची चाचणी चुकीच्या एररवर होते आणि नसलेला फरक दिसायला लागतो. अ‍ॅग्रिकोलेत यासाठी वेगळी आज्ञा आहे, तीच वापरा.

मेडिकलवाल्यांसाठी

इथे मुख्य काम काय-स्क्वेअरचं, म्हणजे गटांतली प्रमाणं वेगळी आहेत का ते पाहणाऱ्या चाचणीचं. एका गटात ३० पैकी १२ रुग्णांना गुंतागुंत, दुसऱ्यात ३० पैकी ५. जामोव्हीचं नेहमीचं उत्तर: काय-स्क्वेअर ४.०२, पी ०.०४५. आरचं नेहमीचं उत्तर: २.९६, पी ०.०८६. दोघांचंही गणित बरोबर आहे. २ × २ च्या तक्त्यावर आर येट्सची दुरुस्ती (काय-स्क्वेअर थोडं कमी करणारी) आपोआप लावते, जामोव्ही तुम्ही खूण केल्याशिवाय लावत नाही. एक सिग्निफिकंट, दुसरं नाही. म्हणून कुठली पद्धत घेणार हे आकडे जमवायच्या आधी ठरवून मेथड्समध्ये लिहा. एखाद्या खान्यात अपेक्षित संख्या ५ च्या खाली असेल तर फिशरची चाचणी. टी-टेस्टचंही (दोन सरासरींची तुलना) असंच: आर वेल्चची देते, जामोव्ही स्टुडंटची. गटांचे व्हेरियन्स (पसारा) सारखे असल्याची खात्री नसेल तर वेल्च घ्या. सारखे असले तरी तिने नुकसान जवळपास होत नाही.

काय जपून ठेवायचं

जामोव्हीची ओएमव्ही फाइल जतन करा. त्यात आकडे, निवडलेले पर्याय आणि निकाल तिन्ही राहतात. उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'सिंटॅक्स मोड' चालू केला की प्रत्येक तक्त्यावर त्याची आरमधली आज्ञा दिसते. ती उतरवून परिशिष्टात लावा. आरमध्ये काम केलं असेल तर स्क्रिप्ट, मूळ सीएसव्ही आणि 'सेशनइन्फो'ची (आर आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची) यादी एकाच फोल्डरात ठेवा. मूळ सीएसव्हीला नंतर हात लावू नका. दुरुस्ती करायचीच तर स्क्रिप्टमध्ये करा, म्हणजे काय बदललं ते दिसतं. मेथड्समध्ये सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, वापरलेली पॅकेजं आणि त्यांच्या आवृत्त्या लिहा. 'सायटेशन' ही आज्ञा दिली की आर आपला संदर्भ कसा द्यायचा ते स्वतःच सांगते.