लाइनबॅकर व्हायचंय? चेंडू सोडा, गार्ड बघा

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल पाहताना नजर आपसूक चेंडूमागे जाते. लाइनबॅकरला सर्वांत आधी मोडावी लागते ती हीच सवय. अमेरिकेतल्या शाळांमधून खेळणारी मराठी घरांतली मुलं हल्ली या जागेसाठी हात वर करतात. ती धावतात भरपूर, पण चुकीच्या दिशेला.

जागा आधी समजून घेऊ. बचावाच्या 11 जणांत पुढे लाइनमन, मागे कॉर्नर आणि सेफ्टी, आणि मधल्या पट्ट्यात लाइनबॅकर. मधला ‘माइक’ चेंडूपासून साधारण 4 ते 5 यार्ड मागे उभा राहतो. समोरच्या फळीच्या जड, म्हणजे जास्त खेळाडू असलेल्या, बाजूला ‘सॅम’, हलक्या बाजूला ‘विल’. पूर्वी तिघे सर्रास दिसत. आता पास, म्हणजे पुढे फेकलेले चेंडू, वाढल्यामुळे कॉलेजांत बरेच संघ दोनच लाइनबॅकर ठेवतात आणि तिसऱ्याच्या जागी पाचवा मागचा खेळाडू आणतात. म्हणून नुसता दांडगा असून भागत नाही, मोकळ्या मैदानात पास झेलणाऱ्या रिसीव्हरमागेही पळता आलं पाहिजे.

आता वाचन. कबड्डीत चढाईपटूच्या हातांकडे बघणारा कोपरारक्षक फसतो. हात हूल देतात, पाय आणि कंबर सहसा देत नाहीत. इथे ती कंबर म्हणजे समोरचा गार्ड, चेंडू मागे देऊन डाव सुरू करणाऱ्या (म्हणजे ‘स्नॅप’ करणाऱ्या) सेंटरच्या शेजारचा लाइनमन. स्नॅप झाल्यावर त्याचं हेल्मेट खाली राहून अंगावर आलं तर बहुधा रन, म्हणजे चेंडू घेऊन पळणं. हेल्मेट वर उठून तो मागे सरकला तर पास. तो आडवा धावत सुटला, म्हणजे ‘पुल’ झाला, तर चेंडू बहुतेक वेळा त्याच दिशेला जाणार. त्याच्या समांतर निघायचं. हे सगळं पहिल्या पावलाच्या आत कळावं लागतं, आणि ते पाऊल जेमतेम वीतभर असतं. नवखे इथेच घाण करतात. जागेवर उडी मारतात, नाहीतर एक पाऊल मागे टाकतात. तेवढ्या अवधीत समोरचा लाइनमन छातीला भिडलेला असतो.

दुसरी चूक जास्त महाग पडते. फळीतल्या फटींना अक्षरं दिलेली असतात: सेंटर आणि गार्डमधली ए, गार्ड आणि त्याच्या बाहेरच्या ‘टॅकल’ नावाच्या लाइनमनमधली बी, त्याच्याही बाहेरची सी. प्रत्येक डावाला तुमची एक फट ठरलेली असते. चेंडू उजवीकडे जाताना दिसला म्हणून डावीकडचा विल आपली फट सोडून धावला की चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक पाय रोवून उलटा वळतो आणि त्याच रिकाम्या फटीतून निघून जातो. स्कोअरशीटवर विलचं नाव कुठेच येत नाही, पण प्रशिक्षक व्हिडिओ तिथेच थांबवतात.

कॉलेजच्या खेळात एक जादा अडचण आहे. रन आणि पास दोन्ही पर्याय हातात ठेवून खेळलेल्या डावात, म्हणजे आरपीओत, चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक एकाच लाइनबॅकरवर डोळा ठेवतो. तो पुढे आला तर पास, मागे राहिला तर रन. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पासच्या वेळी लाइनमनला 1 यार्डच पुढे जाता येतं, कॉलेजात 3 यार्ड. म्हणजे गार्ड रनसारखा अंगावर येतो आणि चेंडू तुमच्या डोक्यावरून जातो. यावर शंभर टक्के उतारा नाही. त्या डावात तुमचं पहिलं काम रनचं की पासचं, हे स्नॅपआधी ठरलेलं असलं पाहिजे, एवढंच.

हे वाचन काय करू शकतं, हे पाहायला ल्यूक कीक्लीची कारकीर्द पुरेशी आहे. सिनसिनाटीचा मुलगा, तिथल्या जेझुइट सेंट झेवियर शाळेचा (हो, मुंबईच्या झेवियर्सचीच परंपरा). शाळेने 2007 मध्ये 15-0 अशा कामगिरीने ओहायोचं राज्य विजेतेपद जिंकलं, त्या संघात तो होता. तरीही कॉलेज भरतीसाठी खेळाडूंना तारे देणाऱ्या याद्यांत त्याला पाचपैकी तीनच तारे मिळाले. 2009 मध्ये तो बॉस्टन कॉलेजात आला तेव्हा तिथला आघाडीचा लाइनबॅकर मार्क हर्झलिच हाडाच्या कर्करोगावर उपचार घेत होता आणि तो हंगाम खेळणार नव्हता. कीक्लीला राखीव बसून शिकायला वर्ष मिळालं नाही, थेट मैदान मिळालं. पहिल्या हंगामात 158 टॅकल (इथे अर्थ चेंडूवाल्याला पाडणं), मग 183, मग 191. 38 सामन्यांत एकूण 532. शेवटच्या दोन्ही वर्षी देशात पहिला.

आकड्यांबद्दल मात्र एक सावधगिरी. 2011 मध्ये त्याचा संघ 12 पैकी 8 सामने हरला. हरणाऱ्या संघाचा बचाव मैदानावर जास्त वेळ राहतो, मग टॅकलही वाढतात. म्हणून नुसती बेरीज पाहू नका, टॅकल कुठे झाला ते पहा. चेंडू 2 यार्ड पुढे गेल्यावर पाडणं आणि 9 यार्ड गेल्यावर पाडणं यादीत सारखंच दिसतं. कीक्ली मोठा ठरला तो डाव आधी ओळखण्यामुळे. त्या वर्षी त्याला सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळाला आणि 2012 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, कॅरोलायना पँथर्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतलं.

टॅकलचं तंत्र शरीर टिकवण्यासाठी शिकायचं. डोळे वर, मान ताठ, चेंडूवाल्याच्या जवळचा पाय आणि त्याच बाजूचा खांदा त्याच्या मांडीला, हात मागून आवळून पाय चालू. डोकं खाली घालून टाळूने धडक दिली की मानेच्या मणक्यांवर भार येतो, आणि कॉलेजात ते ‘टार्गेटिंग’ ठरतं. 2013 पासून त्याला हकालपट्टीची शिक्षा आहे. उत्तरार्धात झालं तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही हुकू शकतो. मेंदूला मार बसल्याची शंका आली, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, तर त्या दिवशी खेळ संपला. इथे मर्दुमकी दाखवणाऱ्या मुलाला पालकांनीच आवरावं. कीक्लीला एनएफएलमध्ये वारंवार असे मार बसले आणि जानेवारी 2020 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्याने खेळ सोडला.

राहिला अभ्यासाचा भाग, ज्यावर घरात उशिरा बोलणं होतं. कॉलेज खेळांची संघटना एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, डिव्हिजन 1 मध्ये, खेळायला नववी ते बारावीत 16 मुख्य विषय लागतात: इंग्रजी 4 वर्षं, गणित 3, विज्ञान 2, सामाजिक शास्त्रं 2, इंग्रजी, गणित किंवा विज्ञान यांपैकी एकाचं जादा 1, आणि इतर 4. त्यातले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, त्या 10 पैकी 7 इंग्रजी, गणित आणि विज्ञानाचे. या विषयांची सरासरी (4 पैकी जीपीए) किमान 2.3. नापास झालेला बीजगणिताचा विषय शेवटच्या वर्षी पुन्हा करून भरून काढू, हा हिशेब इथे चालत नाही. भारतातून नववी करून गेलेल्यांनी नववीची गुणपत्रिका जपून ठेवावी. दहावीची सगळे फ्रेम करतात, नववीची रद्दीत जाते, आणि एनसीएएचं पात्रता केंद्र नववीपासूनची नोंद मागतं.

शिष्यवृत्तीचा विचार करताना डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी पैसे मिळत नाहीत, आयव्ही लीगमध्येही नाहीत. तिथे मदत गरजेवर मिळते. खेळाडूंना 1 जुलै 2021 पासून स्वतःच्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे घेता येतात, पण एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असलेल्याने इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवल्याशिवाय अशा कागदावर सही करू नये. प्रशिक्षकांना व्हिडिओ पाठवताना पहिल्या अर्ध्या मिनिटात मोठ्या धडका न लावता तीन-चार असे डाव लावा, ज्यांत स्नॅपआधीची तुमची उभी राहण्याची जागा आणि पहिलं पाऊल स्पष्ट दिसतं. प्रत्येक डावाआधी तुमच्याभोवती वर्तुळ काढा, नाहीतर 22 जणांत तुम्ही कोण हे शोधायला कोणी थांबत नाही.