घरट्याचा फोटो टाकताय? लोकेशन आधी काढा

मोबाइलवर लोकेशन चालू असेल, तर फोटोच्या फाइलमध्ये शटर स्पीड, आयएसओ अशा कॅमेऱ्याच्या सेटिंग्जसोबत अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. घुबडाच्या किंवा गरुडाच्या घरट्याचा असा फोटो जसाच्या तसा दिला, तर कोणीही नकाशावर थेट त्या झाडापर्यंत पोहोचू शकतो. विणीच्या काळात तिथे गर्दी झाली तर पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात, म्हणून ही काळजी घ्याच.

आयफोनवर शेअर करताना वर ‘ऑप्शन्स’ दिसतं, तिथे लोकेशन बंद करा. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स आणि तळाशी ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फॉर्मेशन’. तिथे सगळं पुसू नका, फक्त जीपीएसच्या नोंदींवर टिक करा. १/१००० शटर, एफ/५.६ (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं) ही माहिती नवशिक्यांना फार उपयोगी पडते, ती राहू द्या. कॅमेऱ्याचा सीरियल नंबर दिसला तर तोही काढा.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सगळी तशीच जाते. आणि हो, कॅप्शनमध्ये गावाचं नाव लिहू नका, तालुका पुरे.