समोरचा प्रश्न यामिकीच्या कोणत्या शाखेतला आहे, हे कसे ओळखावे

वस्तूंची गती आणि त्या गतीमागची बले यांचा अभ्यास म्हणजे यामिकी. काही पुस्तकांत तिलाच यांत्रिकी म्हणतात, पण अभियांत्रिकीतल्या यंत्रांच्या शाखेशी गल्लत होऊ नये म्हणून या लेखात यामिकी हाच शब्द ठेवला आहे. तिच्या उपशाखांची नावे पाठ होतात. मात्र गणित समोर आले की स्थितिकी (बले एकमेकांना तोलतात तेव्हाचा अभ्यास) कुठे संपते आणि गतिकी (बलांमुळे वेग बदलतो तेव्हाचा अभ्यास) कुठे सुरू होते, हे अनेकांना सांगता येत नाही. याचे कारण असे की शाखा वस्तूवरून ठरत नाही, तर त्या वस्तूविषयी आपण काय विचारतो यावरून ठरते. हे स्पष्ट व्हावे म्हणून येथे एकच उदाहरण घेऊ: विहिरीवरचा रहाट, त्यावरून सोडलेला दोर आणि भरलेला पोहरा. लोखंडी पोहरा २ किलोग्रॅमचा आणि त्यात १० लिटर पाणी, म्हणजे एकूण वस्तुमान १२ किलोग्रॅम, असे धरू.

पहिली पायरी: आकार आणि वेग पाहा

न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या नियमांवर उभी असलेली अभिजात यामिकी पुरेल का, हे आधी ठरवावे. वस्तूचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरच्या, जवळ जाऊ लागला की आइन्स्टाइनच्या १९०५ च्या सापेक्षता सिद्धांताकडे वळावे लागते. वस्तू अणूएवढी किंवा त्याहून लहान असेल, तर १९२५-२६ मध्ये आकाराला आलेली पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) लागते. पोहरा या दोन्ही सीमांपासून फार दूर आहे. तरीही केवळ वेग पाहून थांबू नये, अचूकता किती हवी हेही पाहावे. स्थाननिश्चिती करणारे जीपीएस उपग्रह सेकंदाला ४ किलोमीटरपेक्षाही कमी वेगाने फिरतात, पण सापेक्षतेच्या परिणामांमुळे त्यांच्यावरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. प्रकाश तेवढ्या वेळात ११ किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो, म्हणून ही दुरुस्ती करावीच लागते.

दुसरी पायरी: कारण विचारले आहे का, ते पाहा

विहिरीत खडा सोडला आणि पाणी २० मीटर खोल असेल, तर तो किती वेळाने पाण्याला लागेल? अंतर, वेग, त्वरण (वेग बदलण्याचा दर) आणि काळ एवढ्याच राशींवर २.०२ सेकंद हे उत्तर निघते. खड्याचे वस्तुमान विचारावेच लागत नाही, बलाचा उल्लेखही येत नाही. हा शुद्धगतिकीचा प्रश्न आहे. गतीचे वर्णन करणे एवढेच तिचे काम असते. सेकंदागणिक वेग ९.८ मीटर प्रति सेकंदाने वाढतो, हे ती गृहीत धरते. तो का वाढतो, हे विचारले की आपण तिच्या बाहेर पडतो.

तिसरी पायरी: त्वरण शून्य आहे का, ते तपासा

बलांचा प्रश्न असेल तर वस्तू हलते आहे की नाही यापेक्षा तिचा वेग बदलतो आहे की नाही, हे पाहावे. सर्वाधिक चुका येथेच होतात. पोहरा दोरावर स्थिर लोंबकळत असताना दोरातील ताण १२ गुणिले ९.८, म्हणजे सुमारे ११८ न्यूटन असतो. तो एकसारख्या वेगाने वर येत असतानाही ताण नेमका तेवढाच राहतो, कारण दोन्ही वेळा बलांची बेरीज शून्य असते. म्हणून हलणारा पोहराही स्थितिकीच्या समीकरणाने सोडवता येतो. रहाटाच्या दोन खांबांवर किती भार पडतो, हे काढताना मात्र बलांच्या बेरजेबरोबर त्यांच्या फिरवण्याच्या परिणामांची बेरीजही शून्य धरावी लागते.

आता ओढणाऱ्याने सुरुवातीला पोहऱ्याला १ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण दिले, तर ताण सुमारे १३० न्यूटन होतो. हा गतिकीचा प्रश्न झाला. दोर हातातून निसटला, पोहरा ४ मीटर प्रति सेकंद वेगाने खाली जाऊ लागला आणि पुन्हा पकडून ०.१ सेकंदात थांबवला, तर ताण ६०० न्यूटनच्या आसपास जातो. जो दोर भार निमूटपणे पेलत होता तो हिसक्याने का तुटतो, याचे उत्तर या पाचपटीत आहे.

चौथी पायरी: वस्तू ताठ मानणे योग्य आहे का, ते विचारा

वरच्या हिशोबातले ०.१ सेकंद आले कुठून? दोर मुळीच ताणला जात नाही असे मानले, तर पोहरा क्षणात थांबेल आणि ताण अनंत होईल. असे अशक्य उत्तर आले की आपले गृहीतक या प्रश्नाला अपुरे आहे, असे निश्चित समजावे. प्रत्यक्षात दोर थोडा लांबतो आणि थांबण्याला वेळ मिळतो. तो किती लांबेल, कुठे तुटेल, जाडी दुप्पट केल्यास काय होईल, हे प्रश्न प्रत्यास्थ, म्हणजे ताण सुटल्यावर मूळ आकारात येणाऱ्या, पदार्थांच्या यामिकीत येतात. माझ्या मते ही शाखा दृढ, म्हणजे पूर्ण ताठ मानलेल्या, वस्तूंच्या यामिकीनंतर लगेच शिकवावी, कारण आधीच्या शाखेची मर्यादा कुठे येते, हे ती दाखवते.

लॅग्रांज आणि हॅमिल्टन या गणितज्ञांच्या पद्धतींना काही जण वेगळ्या शाखा समजतात. अभिजात यामिकीत त्या न्यूटनचेच नियम ऊर्जेच्या भाषेत लिहितात, त्यामुळे शाखा ठरवताना त्यांचा विचार करू नये.

पाचवी पायरी: पदार्थ वाहतो का, ते पाहा

पोहरा पूर्ण बुडालेला असताना आतल्या पाण्याचा भार जाणवत नाही आणि लोखंडालाही उत्प्लावक बल (पाण्याचा वर ढकलणारा रेटा) मिळते, म्हणून दोरावर जेमतेम १७ न्यूटन ताण असतो. पृष्ठभागाबाहेर येताच तो ११८ वर जातो. पोहरा बाहेर येताना अचानक जड वाटतो, तो यामुळेच. स्थिर पाण्याच्या अशा प्रश्नांसाठी द्रवस्थितिकी वापरावी. नळातून वाहणाऱ्या पाण्यासाठी द्रवगतिकी लागते. तेथे घर्षण आणि बदलता दाब येतात, म्हणून गणित बरेच अवघड होते.

रहाटाच्या जागी काठावर मोटर बसवली, तर हा भेद व्यवहारातही उपयोगी पडतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण खरे तर वातावरणाचा दाब ते वर ढकलतो आणि हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्यालाच तोलू शकतो. ही मर्यादा द्रवस्थितिकी सांगते. नळातील घर्षण आणि पंपाची रचना यांमुळे व्यवहारात ७-८ मीटरच धरावे लागतात. म्हणूनच २० मीटर खोलीवरचे पाणी काढायला पंप खाली उतरवावा लागतो.

शोषणनळात, म्हणजे पंपाकडे पाणी नेणाऱ्या नळात, दाब कमी झाला की पाण्याची वाफ होऊ लागते आणि पाणी कोमट असेल तर ही अडचण वाढते. तापमानाने असे का व्हावे, याचे उत्तर द्रवस्थितिकीत मिळत नाही. पाव लिटर पाण्यात ८ या अंकावर २४ शून्ये लिहावीत इतके रेणू असतात. त्यांतल्या प्रत्येकाचा मार्ग काढणे शक्य नाही, म्हणून किती रेणूंकडे निसटण्याइतकी ऊर्जा आहे याची सरासरी काढावी लागते. मॅक्सवेल आणि बोल्ट्झमन या भौतिकशास्त्रज्ञांनी उभारलेल्या सांख्यिकीय यामिकीचा प्रांत येथे सुरू होतो.